पट्टा ढिला

रविवार, दुपार

पारा चव्वेचाळीसच्या वर. जळगावात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच माणसानं काय करावं? मी रेकॉर्डी सावलीला हलवल्या. गच्चीच्या खोलीतल्या एलपी खाली आणून पलंगामागे उभ्या लावल्या. एकीवर एक थप्पी रचून ठेवायची नाही, हे शिकायला एक किशोरीताई घालवावी लागली. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी ती एलपी आठ दिवस पत्र्याखाली राहिली आणि उडदाच्या पापडासारखी वर आली. अजून ठेवलीय. वाजवली तर सुई झोके घेते.

लाखेच्या जुन्या तबकड्यांचं दुखणं वेगळं. त्या हातातून सुटल्या की संपल्या. माझ्याकडे एकसष्ट आहेत, त्यातल्या चार तडकलेल्या. बाकी कॅसेटी सव्वादोनशेच्या आसपास, बऱ्याचशा रेडिओवरून भरलेल्या. आणि एक वही. रकाने माझे मीच आखलेत : राग, बंदिश, ताल, सूर (गवयाचा षड्ज पेटीच्या कोणत्या पट्टीवर, ते), लांबी, कुठून मिळाली आणि शेरा. एकाच रागाची चार-पाच ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकायची आणि कोण कुठे वेगळा वागला ते शेऱ्यात लिहायचं. पत्ते किंवा राजकारणापेक्षा बरं, असं घरच्यांचं मत.

शेऱ्याच्या रकान्याचा मला अभिमान आहे. होता, असं लिहायला हवं. कारण सांगतोच.

आज दुपारी झिंझोटी काढली होती. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. त्या काळच्या गवयांनी रागाचं सार काढून दिलं, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. सार काढलेल्या गोष्टीत घाई दिसते, कापलेल्या जागा दिसतात. खाँसाहेबांच्या त्या तीन मिनिटांत कसलीही घाई नाही. ते तीन मिनिटांचंच गाणं आहे, दीड तासाच्या मैफलीचा तुकडा नव्हे. पोरवयात भीमसेन जोशींनी हीच रेकॉर्ड ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून घर सोडलं. तबकडी ऐकून घर सोडावं! आमच्याकडे तबकडी ऐकणाऱ्याला घर सोडायला सांगतात.

उलट उदाहरण अमीर खाँसाहेबांचं. त्यांची १९६० सालची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. तबकडीला जागा मिळाली आणि झूमरा हा संथ ताल पसरून बसला. मारव्यातला तो कोमल रिषभ किती वेळ लोंबकळत ठेवलाय, ते तीन मिनिटांवाल्यांना जमलंच नसतं. पण म्हणून तीन मिनिटांवाले कमी, असं नाही.

आणि ज्यांची तबकडीच नाही त्यांचं काय? अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, मुंबईत होते, यंत्र दाराशी आलं होतं, तरी त्यांचा आवाज कुठे नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. मग आपण अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, केसरबाई ऐकायच्या, मोगूबाई ऐकायच्या आणि मधोमध खाँसाहेबांची रिकामी जागा धरून चालायचं. केसरबाईंना स्वतःला तबकड्यांचं प्रेम नव्हतं आणि गंमत अशी की त्यांचीच भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेर निघाली. साडेतीन मिनिटं. यान सुटलं त्याच महिन्याभरात बाई गेल्या. माझ्याकडे ती आहे, एक ओरखडा आहे, पण आहे.

असो. मालकंसाचं लिहायचं टाळतोय, तेवढ्यासाठी हे सगळं.

बुधवार, रात्र

तर मालकंस.

नानांची एक कॅसेट आहे. नाना अमळनेरला प्रताप मिलमध्ये साळखात्यात होते, साच्यावर, म्हणजे मागावर. गाणं शिकलेले नाहीत. वैशाखात सखाराम महाराजांच्या वाडीत टाळ धरायचे, तेवढंच. पण शनिवारी रात्री टू-इन-वन उशाशी घेऊन आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम ऐकायचे आणि आवडलं तर लाल बटण दाबायचे. ते उठून बटण दाबेपर्यंत निवेदन संपलेलं असायचं, त्यामुळे नानांच्या निम्म्या कॅसेटींवर गाणारा बेनाम. या कॅसेटवर निळ्या शाईत एवढंच आहे : ‘मालकंस. चांगला.’ समोर लोक बसवून भरलेली, संगीत संमेलनातली मैफल. आवाज कोणाचा ते मी पुढे ओळखलं.

महिन्याभरापूर्वी धुळ्याच्या एका काकांकडून त्याच बुवांचा मालकंस मिळाला. काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे स्पूलच्या टेपा आहेत आणि माझ्यापेक्षा नीटनेटकी वही आहे. त्यांचं ध्वनिमुद्रण स्वच्छ, पूर्ण, पुढचं निवेदनही शाबूत. बंदिश तीच, विलंबित (संथ) एकतालात, मग द्रुत (जलद) तीनताल. मी हरखलो. एकाच गायकाच्या एकाच रागाच्या दोन मैफली मिळणं म्हणजे आमच्यासारख्यांना दिवाळी. आठ रात्री दोन्ही ऐकल्या आणि शेरा लिहिला. तो जसाच्या तसा उतरवतो, शिक्षा म्हणून :

‘नानांची प्रत : सूर पांढरी दोन. आवाज कोवळा, तरुण. द्रुतात तडफ, ताना चमकदार, किंचित उतावळ्या. बहुधा उमेदीच्या काळातली. धुळे प्रत : सूर काळी एक. आवाजाला वजन. चिंतनशील. उतावळेपणा गळून गेलेला. या दोन मैफलींच्या मध्ये किमान दहा वर्षांची साधना ऐकू येते.’

साधना ऐकू येते!

बुवांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्याविषयी मी जे लिहून ठेवलं, त्यापुढे त्यांचं नाव घ्यायची लाज वाटते.

काल संध्याकाळी धुळ्याची प्रत लावली होती. नाना खुर्चीत. हल्ली ऐकू कमी येतं, साच्यांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यावर कान कसे राहतील? मला वाटलं झोपले. द्रुत सुरू झालं तसे डोळे न उघडता अहिराणीत म्हणाले, “हाऊ बुवा आज थकेल दिखस.”

मी म्हटलं, नाना, ही दुसरी मैफल आहे, नंतरची, वयानं शांत झालेत.

नाना म्हणाले, “पट्टा ढिला व्हयेल शे.”

साच्याचा पट्टा सैल झाला की धोट्याची ये-जा मंदावते आणि साचे दुरुस्त करणारा जॉबर यायच्या आत साचेवाल्याला ते कानानं कळतं, हे त्यांनी मला लहानपणी शंभरदा सांगितलंय. मी हसलो. नाना हसले नाहीत. मग म्हणाले (हे मराठीत, म्हणजे गंभीरपणे), “गाणं तेच आहे. तो खोकणारा पण तोच आहे.”

खोकणारा!

अंतरा संपून सम येते आणि कोणीतरी दोनदा खोकतं, एक मोठा, एक दाबलेला. नानांच्या कॅसेटवर तो खोकला मी पंचवीस वर्षं ऐकलाय. धुळ्याच्या प्रतीवर आठ रात्री ऐकला आणि मला ऐकू आला नाही. मी फरक ऐकत होतो ना. सारखं काय आहे ते ऐकायला कान मोकळा कुठे होता?

रात्री पेटी काढली. सूर मी नेहमी गाणं संपताना तपासतो, आधी पेटीला हात लावायचा नाही असा माझाच नियम. या वेळी नियम मोडून कॅसेटच्या सुरुवातीला तपासला. षड्ज काळी एकच्या जेमतेम वर. दहा मिनिटांनी आणखी वर, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी. द्रुत संपताना पांढरी दोन, चोख, म्हणजे काळी एकच्या अर्धा सूर वर. गवई भरात येऊन चढला, असं एक वेळ म्हणता येईल. पण साथीची पेटीसुद्धा त्याच्याबरोबर चढली होती. हार्मोनियमच्या पत्त्या मैफलीत अर्धा सूर वर सरकत नाहीत. त्या साक्षीदारापुढे माझी दहा वर्षांची साधना गळून पडली.

झालं असं असणार : लाइट गेलेले, टू-इन-वन सेलवर. भरता भरता सेल उतरत गेले, मोटर मंदावली, फीत हळू सरकली. हळू भरलेली फीत पुढे नीट वेगानं वाजवली की उलटं होतं, गाणं पळतं आणि सूर चढतो. अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. शंभर मात्रांच्या जागी एकशे सहा. तडफ, कोवळेपणा, चमकदार ताना, सगळं त्या सहा टक्क्यांतलं.

आणि पंचवीस वर्षं पळत्या वेगानं ऐकलेल्या नानांना खरा वेग सैल वाटला. त्यांचं ऐकणं माझ्यापेक्षा शंभर पटींनी शास्त्रशुद्ध.

शनिवार

धुळ्याला जाऊन आलो. एसटी, एरंडोल, पारोळा, खिडकीतून भट्टीची वाफ. फोनवर सांगता आलं असतं, पण काकांनी माझा शेरा वाचून कौतुक केलं होतं. असली कबुली समोर बसून द्यावी.

काका खूप हसले. मग राजवाड्यांच्या गोष्टीवर गेले. धुळ्यात कुठल्याही गप्पा शेवटी तिथेच जातात. इतिहासाचार्य १९२६च्या अखेरीला धुळ्यातच वारले आणि लगेच पुढच्या साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं. मुद्दा मात्र कामाचा होता. पोथ्यांच्या प्रती ताडून बघणारा माणूस आधी चुका जुळवतो. बरोबर ओळी तर सगळ्याच प्रतींत सारख्या असतात. दोन पोथ्यांत नेमकी तीच चूक, तीच गळलेली ओळ सापडली की त्या एकाच आईच्या लेकी. “तुमचा खोकला म्हणजे ती गळलेली ओळ,” काका म्हणाले. “पोथीवाल्यानं पहिल्या दिवशी धरला असता.”

काकांनी उपायही सांगितला. संगणकावर ऑडॅसिटीमध्ये कॅसेट भरायची आणि वेग बदलायचा, नुसती लय किंवा नुसता सूर नाही, कारण फितीच्या चुकीत दोन्ही एकत्र बिघडतात. सेल हळूहळू उतरले असल्यानं सबंध गाण्याला एकच आकडा चालणार नाही, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाचा षड्ज काळी एकला आणायचा. मी विचारलं, तुमच्याकडे स्वच्छ प्रत असताना मी हे का करू? तर म्हणाले, “तुमच्याकडे वेळ आहे म्हणून.”

परतीच्या गाडीत दुसरीच धास्ती. मालकंस एक झाला. बाकीच्या सव्वादोनशे कॅसेटींचं काय? आणि तबकड्या तरी कुठे सुरक्षित? मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या काळात कोणती तबकडी किती वेगानं भरली याचा नेम नव्हता, थोडी कमी, थोडी जास्त. गौहरजान गाणं संपताना स्वतःचं नाव सांगते, ते १९०२ साली मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन छापली जात म्हणून. तिथल्या कारागिराला ही बाई कोण हे कळावं, एवढाच हेतू. तिचा सूर कुठला होता हे कुणी बोलून ठेवलं नाही. आणि मी माझ्या वहीत अमकी बाई काळी चार, तमकी काळी पाच, म्हणून आवाज अधिक लखलखीत, असं पानंच्या पानं लिहून बसलोय. माझं यंत्र त्या दिवशी कसं फिरत होतं त्याची ती नोंद आहे, बाईंची नव्हे.

रविवार, रात्र

वहीत नवा रकाना आखला. ‘सेल / लाइट’. नानांना बसवून एकेक कॅसेट दाखवतोय, ही कशावर भरली? त्यांना निम्म्यांचं आठवतं. मिलची कोणती पाळी होती त्यावरून लाइट होते की नाही ते सांगतात. पाळीवरून सूर काढायची ही पद्धत कुठल्या संगीतशास्त्रात नसेल.

जुना शेरा खोडला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी.

मालकंसच्या कॅसेटची दुसरी बाजू राहिलीय. त्यावर कुणाचा तरी जोगकंस आहे, आठ दिवसांनी भरलेला. मी विचारलं, नाना, तोपर्यंत सेल नवीन घातले होते ना? नाना म्हणाले, नवीन कशाला, तेच, पत्र्यावर उन्हात ठेवले होते दोन दिवस. अमळनेरच्या उन्हात उतरलेल्या सेलांना थोडी धुगधुगी येते, हे आमच्या गल्लीत सगळे करत. म्हणजे दुसऱ्या बाजूला सूर आधी ठिकाणावर असणार आणि मग लवकरच चढायला लागणार, पहिल्यापेक्षा जोरात. पेटी काढली, वही उघडली, कॅसेट घातली आणि लाइट गेले.

अंधारात पाचेक मिनिटं दोघं गप्प. मग नाना म्हणाले, “तुनाकडे सेल नही का?”