तुम्ही विचारलंत म्हणून: फेलोशिप तुम्हाला मिळाली, त्या बायकांना काय मिळालं?

कॉलेजात बोलायला गेले की शेवटच्या बाकांवरून हा प्रश्न येतोच. 'मॅडम, कलेची फेलोशिप तुम्हाला मिळाली, ऊसतोडीच्या बायकांना काय मिळालं?' विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कुतूहल असतं, कधी राग. मला दोन्ही समजतं, कारण मी अर्ज भरत होते तेव्हा माझ्या चुलतीनेही हेच विचारलं होतं.

चुलती धारूर तालुक्यातली. दसरा झाला की ऊसतोडीला टोळी निघायची, ती गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात; मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाई अंधारात उठून भाकरी थापणार, दिवसभर तोडणार, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणार, आणि वहीत ती कुठेच नाही. पाळीत पोट धरून बसली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत धरणार. तिशीतच 'पिशवी काढून टाकली', म्हणजे गर्भाशय काढलं, असं सांगणाऱ्या बायका आमच्याकडे वस्तीवस्तीत भेटतात त्या यामुळे. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी चुलती त्यांच्यासारखीच एक.

मला त्यांची मोठमोठी व्यक्तिचित्रं करायची होती. चुलती म्हणाली, 'माझं तोंड पुण्याच्या भिंतीला लावून मला काय गं? त्यापरीस बसून काहीतरी शिवू.' मी अर्ज फाडला आणि बायकांनी मिळून गोधडी शिवायची, असा नवा लिहिला. खर्चाच्या तक्त्यात रंग-कॅनव्हास काढून एकच मोठी रक्कम टाकली: बायकांचा बुडालेला रोज. खुरपणीचा रोज तेव्हा 250 रुपये होता. निवड समितीतून फोन आला, हा खर्च कलासाहित्यात कसा बसतो? मी म्हटलं, साहित्यात धरू नका, कलाकारांचं मानधन म्हणून धरा. त्यांनी ते मान्य केलं. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

समाजमंदिरात चौदा जणी यायच्या. जुनी लुगडी, नवऱ्याचे विरलेले सदरे, कोयत्याच्या मुठीला गुंडाळायची चिंधीसुद्धा एकीने आणली होती. पहिल्या दोन बैठकांत कोणी फारसं बोललं नाही, नुसता धावदोरा चालू. तिसऱ्या दिवशी एकीने लुगड्याच्या काठाची, बटव्याएवढी पिशवी शिवली आणि गोधडीवर टाचली. तोंड उघडंच ठेवलं. शेजारणीने विचारलं, 'हे काय?'

'माझी पिशवी. दवाखान्याने परत दिली नाही, म्हणून शिवली.'

सुया थांबल्या. मग दुसरीने कापड ओढलं, मग तिसरीने. संध्याकाळपर्यंत गोधडीवर नऊ पिशव्या झाल्या. मग बोलणं सुरू झालं आणि एकेकीकडून तेच वाक्य निघालं: 'काढली नाही तर कॅन्सर होईल.' दवाखाने निराळे, वर्षं निराळी, वाक्य एकच. वर्षानुवर्षं एकाच फडात राबलेल्या त्या बायकांना हे त्या दुपारी पहिल्यांदा समजलं. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, दोष आपल्या अंगातच होता.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ही दुपार आहे. तिच्यासाठी पैसे लागले, कारण रोज बुडवून तीन-तीन दिवस नुसतं बसणं आमच्या बायकांना परवडत नाही. पुढे चौघी मिळून आपले कागद मागायला दवाखान्यांत गेल्या. दोघींना मिळाले, ते गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी वाचून दाखवले. दोघींना दारातूनच परत पाठवलं. एवढंच झालं, याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल.

अर्ज करू पाहणाऱ्या मुलामुलींना एक सांगते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी आहे, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. पण ती कला शिकण्यासाठी. अशा कामाला प्रकल्पाचं अनुदान शोधावं लागतं. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून ते देते आणि तिथे मराठीत अर्ज चालतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. आणि तीन महिन्यांत शहरात प्रदर्शन हवं अशी कोणाची अट असेल, तर ते पैसे घेऊ नका. तीन महिन्यांत बायका तुमच्याशी बोलायला लागतात, तेवढ्यात तुम्ही त्यांना फ्रेममध्ये घालून निघून जाल.

आमची गोधडी आधी गावात लागली, मग तालुक्याला. पुण्याला एकदाच नेली, आठ दिवसांसाठी, आणि तिच्याबरोबर पाच जणी आल्या. ती विकायची नाही असं बायकांनी ठरवलंय. टोळी गेली की मागे राहणाऱ्या एका म्हातारीच्या पेटीत असते.

गेल्या पाडव्यानंतर ऊन द्यायला बाहेर काढली तेव्हा मी गावातच होते. पिशव्या मोजल्या तर दहा. दहावी हिरव्या काठाची, दोरा अजून पांढराशुभ्र. कुणाची ते चुलतीने मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती डबा बांधून खालच्या आळीतल्या एका घरी गेली आणि दुपारपर्यंत परतली नाही.