मग क्रूस कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही ख्रिस्ती लोक मूर्ती मानत नाही म्हणता, मग गळ्यात क्रूस कशाला?" हा प्रश्न येणार हे मला आता विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. आधी एक बारीक हसू येतं, सापडलास का, अशा अर्थाचं. चर्चमधली माणसं हसत नाहीत. ती आवाज खाली आणून विचारतात, "आईची मूर्ती फोडलीस, ते बरोबरच केलंस ना?" दोघांनाही मी आजवर पाठ केलेली उत्तरं देत आलो. आज जरा नीट सांगतो.

पहिल्याचं उत्तर सोपं. क्रूसाशी मी बोलत नाही, त्याच्याकडे काही मागत नाही. दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करू नकोस असं आहे, पण आज्ञा तिथे संपत नाही. त्यांच्या पाया पडू नकोस, त्यांची सेवा करू नकोस, असं पुढे आहे. आणि त्याच देवानं कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर, सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखांचे देवदूत, घडवायला सांगितले. म्हणजे आकृती घडवली की मूर्तिपूजा झाली असं नाही. हे मी ठणकावून सांगतो. मध्यंतरी तो क्रूस दोन दिवस सापडत नव्हता तेव्हा माझा जीव किती खालीवर झाला, हे मात्र सांगत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं तसं नाही.

मी 22 वर्षांचा होतो. नुकताच कॅथलिक चर्च सोडून मूर्ती न मानणाऱ्या दुसऱ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागलो होतो आणि नव्यानं बायबल वाचणाऱ्याला जो ताप चढतो तो मला चढला होता. आईकडे पवित्र मरीयेची प्लास्टरची मूर्ती होती. वीतभर उंच, तिला तिच्या आईनं दिलेली. हाताचं एक बोट तुटलं होतं, ते आईनं डिंकानं चिकटवलं होतं. फळीवर मूर्ती, खाली सतरंजी, रोज संध्याकाळी जपमाळ. मी आईला बायबलमधली वचनं दाखवली. 115वं स्तोत्र मोठ्यानं वाचलं: त्यांना तोंड आहे पण बोलता येत नाही, डोळे आहेत पण दिसत नाही. ती म्हणाली, "बरं." मला त्या 'बरं'चाच राग आला.

एका रात्री ती झोपल्यावर मी मूर्ती उचलली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि मागच्या पायरीवर हातोडीनं फोडली. बायबलमधल्या गिदोनानं आपल्या बापाची बआल या परक्या देवाची वेदी रात्रीच मोडली होती, हा आधार मी आधीच शोधून ठेवला होता. टॉवेल उघडला, तर मूर्ती आतून पोकळ. त्या पोकळपणाचा मला केवढा आनंद झाला! माझं म्हणणं सिद्धच झालं जणू. अरे, प्लास्टरची मूर्ती पोकळच असते, त्यात सिद्ध काय व्हायचं होतं?

सकाळी आईनं फळी पाहिली. मला काही विचारलं नाही. वडील माझ्या अंगावर धावून आले तेव्हा "राहू द्या" एवढंच म्हणाली. दुपारी तिच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला, दाबून धरलेला. आणि संध्याकाळी तिनं सतरंजी अंथरली आणि त्याच जागी, रिकाम्या फळीकडे तोंड करून बसली. फळीवरच्या धुळीत मूर्तीच्या बुडाएवढा एक स्वच्छ गोल उरला होता. जपमाळ पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत झाली. मला राहवलं नाही.

"आता कोणापुढे बसली होतीस?"

"रोज ज्याच्यापुढे बसते, त्याच्यापुढेच."

या वाक्याशी मी अजून भांडतो आहे. मूर्तीच तिचा देव असती, तर त्या संध्याकाळी प्रार्थना तशीच कशी झाली? आणि मूर्ती तिच्या लेखी काहीच नव्हती, तर दुपारी ती रडली कशासाठी? तिच्या आईची आठवण होती म्हणून, असं मी म्हणतो. माझ्यातला तो बावीस वर्षांचा पोरगा ऐकत नाही. तो म्हणतो, जे फुटल्यावर रडू फुटतं तिथेच जीव अडकलेला असतो. त्याला पुरतं खोडून काढता येत नाही. एवढंच विचारतो, गिदोनाला देवानं सांगितलं होतं, तुला कोणी सांगितलं? पाळकांनीसुद्धा नाही.

त्या रविवारी मी मंडळीत साक्ष दिली, म्हणजे हा अनुभव सगळ्यांपुढे उभं राहून सांगितला. पुढे आणखी दोनदा दिली. पहिल्या साक्षीत वीतभर असलेली मूर्ती तिसऱ्या साक्षीत हातभर झाली होती. आईचं रडणं एकदाही आलं नाही. लोक 'आमेन' म्हणायचे आणि मला त्या आमेनची चटक लागली होती. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. ते वचन मी श्रीमंतांसाठी राखून ठेवलं होतं.

चर्चमध्येही हा वाद जुनाच. 787 साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, ठरवलं की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो, उपासना मात्र एकट्या देवाचीच. आईनं हे कधी वाचलं नव्हतं, पण बोलली जवळपास तेच. उलट 1524 साली, धर्मसुधारणेच्या काळात, स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या चर्चमधून मूर्ती आणि चित्रं काढून टाकण्यात आली. मला झ्युरिकचीच बाजू पटते, आजही पटते. मोशेनं केलेला पितळी साप, ज्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले वाचले, त्यालाच पुढे लोक धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला. देवाच्या सांगण्यावरून केलेल्या वस्तूची ही गत, तर प्लास्टरचं काय घेऊन बसलात? पण मग 1522 चा जर्मन धर्मसुधारक ल्यूथर आठवतो. तो आपल्या विटेनबर्ग गावी परतला तो मूर्ती उखडणाऱ्या आपल्याच माणसांना आवरायला. जबरदस्तीनं नको, वचनानं आधी मनातून जाऊ द्या, असं त्याचं म्हणणं. माझ्याकडे वचनही होतं आणि हातोडीही होती, आणि आईचं 'बरं' ऐकून मी हातोडी निवडली.

मग चुकलो म्हणा ना, असं तुम्ही म्हणाल. म्हणतो. दुसऱ्याची वस्तू चोरून फोडली, चुकलो. पण ती मूर्ती फळीवर राहिली असती तर मी आईबरोबर त्या सतरंजीवर बसलो असतो का? नसतो. आजही बसणार नाही.

आई पुढे बरीच वर्षं होती. त्या फळीवर तिनं दुसरं काही ठेवू दिलं नाही. एकदा, मी जेवणाआधीची प्रार्थना संपवून डोळे उघडले, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"डोळे मिटल्यावर तुला कोण दिसतं रे?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

ते खोटं होतं. मला दाढीवाला, गोऱ्या वर्णाचा, लांब केसांचा एक चेहरा दिसतो. लहानपणच्या एका कॅलेंडरवरचा.