मोफत व्हायोलिन वर्ग उभा करताना: माझा अनुभव

वस्तीतल्या मुलांसाठी मोफत व्हायोलिन वर्ग काढायचा म्हटलं तर शिकवणारे मिळतात, खोलीही मिळते. अडतं ते वाद्यापाशी. आठवड्यातून दोनदा पाऊण तास शिकलेलं मूल मधले दिवस रिकाम्या हातांनी राहिलं, की पुढच्या वेळी गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, धरण्यापासून पुन्हा सुरुवात. म्हणून आम्ही एक गोष्ट पक्की केली. वाद्य मुलाबरोबर घरी जाणार, आणि तेही वाजण्याजोगं.

देणगीचं आवाहन केलं की जुनी व्हायोलिनं येतात, पण बहुतेक पूर्ण मापाची. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती पेलत नाहीत. आता आवाहनातच पाव, अर्धं, पाऊण अशी मापं लिहितो. मुलाला डावा हात बाजूला सरळ ताणायला सांगून मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. साधारण ४६-४७ सेंटिमीटर भरलं तर पाव, ५१ च्या आसपास अर्धं, ५६ ला पाऊण मापाचं. दोन मापांच्या मध्ये आलं तर लहानच द्यावं. कपड्यांसारखं वाढत्या अंगाचं वाद्य दिलं तर मनगट वाकडं पडतं, खांदा वर चढतो आणि ती सवय मोडता मोडत नाही.

आलेलं प्रत्येक वाद्य आधी तपासतो. घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, ताठ उभी आहे का, खुंट्या फिरून जागेवर थांबतात का, हे पाहायचं. कडेकडेने बोटाने टिचक्या मारत गेलं की जिथे सांधा उकललाय तिथला आवाज बदलतो. मग वाद्याच्या पुढच्या बाजूच्या 'f' आकाराच्या फटीतून आत डोकावून साउंडपोस्ट, म्हणजे आतली उभी काडी, जागेवर आहे ना याची खात्री करायची. चारही तारा एकदम कधीच उतरवू नयेत. ताण गेला की घोडी आडवी होते आणि ती काडीही निसटू शकते. वाद्य पुसायला घेतलेले उत्साही स्वयंसेवक नेमकं हेच करतात, म्हणून त्यांना पहिल्यांदा तार एकेक करून बदलायला शिकवतो. निसटलेली काडी मात्र कारागिरानेच बसवावी. सरकणाऱ्या खुंटीला खडूची पूड आणि अडकणाऱ्या खुंटीला पेन्सिलीचं शिसं लावलं की बऱ्याचदा भागतं. लहान मापाच्या वाद्यांना चारही तारांवर फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारकाईने जुळवायचे छोटे स्क्रू, लावून घेतो. खुंटी पिळून सूर लावायला गेलं की सगळ्यात बारीक, म्हणजे 'ई'ची तार तुटते. जादा तारा घेताना ती दुप्पट घ्यावी.

खरं वाद्य देण्याआधी तीन आठवडे पुठ्ठ्याचं व्हायोलिन असतं. व्हेनेझुएलात होसे अंतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा' या संगीतशिक्षणाच्या उपक्रमात लहान मुलांचा असा कागदी वाद्यवृंद असतो, तिथून ही पद्धत घेतली. पालकांना बोलावून मुलांबरोबर ते बनवायला लावतो. वाद्य हनुवटीखाली कसं धरायचं, खाली ठेवताना कुठे ठेवायचं, इशाऱ्यावर कसं थांबायचं, हे सगळं पुठ्ठ्यावरच होतं. शिवाय मोजक्या वाद्यांसाठी नियमित येणारी मुलं कोण, तेही तोवर कळतं. याच आठवड्यांत मोकळ्या तारांचे चार सूर, जी, डी, ए, ई, गाऊन घेतो.

वाद्य घरी देताना एका पानाचा करार पालकांना मोठ्याने वाचून दाखवतो. त्यात भरपाईचं कलम नाही, आणि ते नसावंच असं माझं ठाम मत आहे. ते असलं की धास्तीने वाद्य पेटीतून बाहेरच निघत नाही, किंवा काही तुटलं की मूल यायचं बंद होतं. अट एकच, काहीही झालं तरी लगेच सांगायचं. दुरुस्तीची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढतो.

घरचे नियम कारणासकट सांगतो. ऊन किंवा चुलीजवळची जागा नको, कारण उष्णतेने सरस मऊ पडून सांधे उघडतात. वाजवून झाल्यावर गज ढिला करायचा, नाहीतर गजाची काठी वाकते. नव्या गजाला राळ भरपूर घासून द्यावी. राळेशिवाय आवाज जवळजवळ येतच नाही, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. शेजाऱ्यांची तक्रार आली तर घोडीवर बसणारा, आवाज दबवणारा रबरी म्यूट देतो.

एका तुकडीत आठच मुलं आणि खोलीत कायम दोन मोठी माणसं. त्यातलं एक माणूस सूर लावायला वीस मिनिटं आधी येतं. बेसूर वाद्यावर बोट कुठे ठेवायचं ते शिकवता येत नाही.

मूल लागोपाठ दोनदा आलं नाही तर घरी जातो, वाद्य परत मागायला नव्हे. बऱ्याचदा धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. मग त्यालाही घेऊन ये म्हणून सांगतो. त्याच्यासाठी कोपऱ्यात सतरंजी असते, आणि उरलेली पुठ्ठ्याची व्हायोलिनं.