बायपास सोडून रायबंदरमार्गे

मामेभावाने पणजी आणि जुन्या गोव्याच्या मधल्या कदंब पठारावर फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचे बोलावणे केले, तेव्हा घरात सगळ्यांनी मला एकच बजावले, "बायपासने जा, रायबंदरच्या रस्त्याला लागू नकोस." आम्ही फोंड्याची माणसे. पणजीला जाताना मेरशीकडे निघणारा बायपास आता आमच्या इतका अंगवळणी पडलाय की आतला जुना रस्ता आठवणीतूनच गेला आहे. पण पणजीत मैत्रिणीकडे राहिले होते, पूजा दुपारची होती आणि सकाळ माझ्या हातात होती. पाटोजवळ जुन्या गोव्याची खाजगी बस लागली होती. कंडक्टर "रायबंदर, रायबंदर" ओरडत होता. चढले.

पणजी सोडली की डावीकडे मांडवी, उजवीकडे खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन, आणि मधून सरळ रस्ता. रस्ता म्हणतो खरे, पण तो मुळात पूल आहे. लिन्यारिश नावाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात, 1633-34च्या सुमारास, दलदलीतून हा सुमारे तीन किलोमीटरचा जांभ्या दगडाचा बांध घातला आणि भरती-ओहोटीचे पाणी खेळायला त्याखाली कमानी ठेवल्या. इतक्या वर्षांनंतरही बस, ट्रक, पाण्याचे टँकर त्याच्यावरूनच धावतात. उजवीकडे एके काळी मिठागरे होती, आता बहुतेक जागा कांदळवनाने घेतली आहे. बसमधल्या कुणीच खिडकीबाहेर पाहत नव्हते. मला याचे फार वाईट वाटते. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आपण कॅसिनोंच्या बोटी दाखवतो आणि हा पूल झोपेत ओलांडू देतो.

रायबंदरला उतरले. गाव म्हणजे मुख्यतः एकच लांबट रस्ता, एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला नदी, आणि दोन्हीकडे रस्त्याला चिकटून उभी जुनी घरे. अंगण नाही, कुंपण नाही, दार उघडले की थेट रस्ताच. ही घरे बांधली तेव्हा रस्त्यावरून माचिले, म्हणजे पालख्या, आणि घोडागाड्या जात असणार. आता दोन बस समोरासमोर आल्या की चालणाऱ्याने कुणाच्या तरी दारात चढायचे, दुसरी जागाच नाही. मीही तशीच एका दारात चढले आणि तिथेच तासभर अडकले.

दारात एक म्हातारी आंटी ओल्या फडक्याने खिडकीची कड पुसत होती. "खंयची गो तूं?" फोंड्याची म्हटल्यावर तिने आत बोलावले, पाणी दिले, दोस म्हणजे चणाडाळीची गोड वडी दिली. खिडकीला अजून जुनी शिंपल्यांची तावदाने होती, दोन-चार फुटलेल्या जागी पुठ्ठा लावलेला. तिने मला बाहेरच्या भिंतीचा कोपरा दाखवला. चुन्याचा गिलावा उडून आतला जांभा उघडा पडला होता आणि त्यावर रंगांचे ओरखडे होते. निळा बसचा, हिरवा कुठल्याशा ट्रकचा, पिवळा गेल्या पावसातला. कुठला ओरखडा कधी पडला हे तिला पाठ आहे. दुरुस्ती करून घेत नाही का, विचारले. दोनदा केली म्हणाली, पुन्हा तेच.

मग तिने पायरी दाखवली. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा दाराला तीन पायऱ्या होत्या. आता एक उरली आहे. रस्त्यावर दर थोड्या वर्षांनी हॉटमिक्स होते, जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक. घर होते तिथेच आहे, रस्ता वर चढत आला. दोन पायऱ्या डांबराखाली गेल्या आणि आता जोराचा पाऊस आला की रस्त्याचे पाणी उंबरा ओलांडून घरात येते. त्यासाठी दारामागे वाळूच्या पिशव्या कायम ठेवलेल्या असतात. मी वाकून पाहिले. उरलेल्या पायरीच्या बाजूला दुसरीची कड जेमतेम बोटभर दिसते. तिच्या मोठ्या पातळ विटेसारख्या टाइलवरची नक्षीसुद्धा दिसते, तांबडी आणि काळी.

कचेरीत सांगितले का, असे विचारायची खरे तर गरज नव्हती. अर्ज दिलेत. रस्ता मोठ्या रहदारीचा आहे, सगळ्यांच्या सोयीचा आहे, असे उत्तर मिळते. सगळ्यांच्या म्हणजे पणजीहून पठाराकडे जाणाऱ्यांच्या. माझ्या मामेभावाच्या. त्या दिवशीपुरते माझ्यासुद्धा.

बोलता बोलता तिने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "दनपारां हांव पणजे वतां," म्हणजे दुपारी मी पणजीला जाते, बँकेत काम आहे. घरपट्टी ती पणजी महापालिकेला भरते, मत पणजीच्या नगरसेवकाला देते. कागदावर तर रायबंदर त्याच्याही आधीपासून पणजीत आहे. 1843मध्ये पणजीला राजधानीच्या शहराचा दर्जा मिळून 'नोव्हा गोवा' नाव पडले, तेव्हा त्या नव्या शहरात पणजीबरोबर रायबंदर आणि जुने गोवेही धरले होते. तरी रायबंदरचा माणूस पणजीला 'जातो'. इतक्या वर्षांत कुठल्याही सरकारला हे बदलता आले नाही, आणि बदलू नये असेच मला वाटते.

गंमत नव्हे, दुखणे आहे ते वेगळेच. हाच रस्ता एकदा उलट्या दिशेने वाहिला आहे. जुने गोवे राजधानी होते तेव्हा पणजी म्हणजे नदीच्या मुखाजवळची बाहेरची वस्ती. मग साथी आल्या. जमीन सच्छिद्र, सांडपाण्याची सोय नाही, विहिरींचे पाणी बिघडले, माणसे मरू लागली. ज्यांना परवडले ते रायबंदरकडे सरकले, पुढे 1759मध्ये व्हाइसरॉयनेही पणजीला मुक्काम हलवला, आणि जुन्या शहरातल्या इमारतींचे दगडसुद्धा उचलून पणजीत आणले गेले. आता पणजीत जागा परवडत नाही म्हणून माणसे पुन्हा पूर्वेकडे निघाली आहेत. आणि तेव्हाही, आताही, मधे रायबंदर. जाणाऱ्यांचे ओझे त्यानेच सोसायचे.

पुढे जुन्या गोव्यात मी फार थांबले नाही. बाँ जेझू चर्चसमोर सहलीच्या बस, फोटोसाठी रांगा, ऊन. सेंट कॅजेटन चर्चजवळचा आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा मात्र बघितल्याशिवाय पाय निघाला नाही. काळ्या दगडाची उभी चौकट, बाजूला जाळीचे तुकडे, मागे वाडा नाही. तिथे सावलीत मी एकटीच होते. एके काळच्या राजधानीचा कारभार आज ग्रामपंचायत पाहते.

कदंब पठारावर पूजा छान झाली. नव्या टाइल्स, नवा रंग, गॅलरीतून खालची हिरवळ. दादाचे मी मनापासून कौतुक केले. दोन पोरे, भाड्याच्या खोलीतली इतकी वर्षे, त्याने कुठे जायचे होते? प्रसादाचे जेवण चालू असताना टँकर आला आणि बायका बादल्यांचा विषय काढून बसल्या. मी दादाला त्या पायऱ्यांची गोष्ट सांगितली. तो कंत्राटी रस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर आहे. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "जुना थर मशीनने खरवडून काढता येतो गो. हायवेला काढतातच. फक्त निविदेत लिहिलेले असावे लागते."

 

रायबंदरचे जे कुणी हे वाचत असतील त्यांनी एवढे करा. पावसाळा संपला की हॉटमिक्सची कामे निघतात. त्याआधी वॉर्डातल्या माणसांच्या सह्या घेऊन लेखी मागणी द्या की नवा थर घालण्याआधी जुना खरवडला पाहिजे, आणि ते निविदेतच लिहिले गेले पाहिजे. सोबत आपापल्या दाराच्या पायऱ्यांचे फोटो जोडा. अर्जाचा मसुदा दादाने करून दिला आहे. मी तो आंटीला पोचवला आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी खाली लिहा, पाठवते.