सीपी/एमचे प्रोग्राम लिनक्सवर: प्रोसेसर झाला, आता सवयींशी गाठ

वर्डस्टार हा सीपी/एमवरचा जुना लेखनाचा प्रोग्राम लिनक्सवर चालू झाला. फाइल उघडतो, वाचतो, लिहून ठेवतो, आणि कर्सर जिथे असायला हवा तिथेच दिसतो. मागच्या नोंदीनंतरची मोठी बातमी ही. तिच्यामागे बरंच काम आहे, त्यामुळे आजची नोंद लांबणार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्यासाठी बनलेले प्रोग्राम आजच्या लिनक्सच्या टर्मिनलवर थेट चालावेत, एवढंच मला हवं आहे. फ्लॉपीची इमेज नको, बूट करणं नको. साध्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची, आज्ञा द्यायची आणि प्रोग्राम सुरू. पूर्ण यंत्राचं अनुकरण करणारे उत्तम एम्युलेटर आधीपासून आहेत. माझी वाट त्यापेक्षा वाइनच्या जवळची आहे. वाइन विंडोजच्या प्रोग्रामची मागणी ऐकून ती लिनक्सकडून पुरी करून घेतं, प्रोसेसरला हात लावत नाही. ॲपलच्या रोझेटा २ चं काम उलटं: सिस्टिम तीच, पण इंटेलच्या सूचनांचं एआरएमच्या सूचनांत रूपांतर. माझ्याकडे दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, म्हणून प्रोसेसर अख्खा सॉफ्टवेअरमध्ये आणि सिस्टिमच्या हाका मात्र लिनक्सकडे, अशी विभागणी केली आहे.

प्रोसेसरचा भाग आता मिटला असं मी ठामपणे म्हणते. ८०८० चे २५६ ऑपकोड (सूचनांचे आकडी संकेत), त्यातले २४४ अधिकृत. उरलेले बारा अधिकृत सूचनांच्याच नकला आहेत: सात जागा काहीच करत नाहीत, एक जंप, एक रिटर्न आणि तीन कॉल. सी भाषेत एक मोठा स्विच लिहिला की बहुतेक काम होतं. वेळ खातात ते फ्लॅग, म्हणजे निकालाची खूण ठेवणारे बिट, आणि त्यातही अर्ध-कॅरी, म्हणजे खालच्या चार बिटांतून वर जाणारा हातचा. त्याच्यावर अवलंबून असलेली एकही जंप ८०८० मध्ये नाही. तो वापरते फक्त दशमान दुरुस्तीची डीएए ही सूचना. त्यामुळे तो चुकीचा असला तरी निम्मे प्रोग्राम बिनतक्रार चालतात आणि कुठेतरी बेरजेचा एखादा आकडाच बिघडतो.

चाचणीसाठी ८०८०ईएक्सएम वापरते. फ्रँक क्रिंगल यांच्या झेड८० (८०८० शी जुळणारा नंतरचा प्रोसेसर) वरच्या चाचणीची ही ८०८० साठी बदललेली आवृत्ती. ती प्रत्येक सूचना असंख्य आकड्यांवर चालवते, सगळ्या निकालांची मिळून एक सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढते आणि खऱ्या चिपवर मिळालेल्या सीआरसीशी ताडून पाहते. एकूण जवळपास २३.८ अब्ज सायकल लागतात. २ मेगाहर्ट्झच्या मूळ प्रोसेसरवर हे काम तीन तासांहून जास्त चालेल. आजच्या लॅपटॉपवर मात्र तेवढी वाट पाहावी लागत नाही. अडचण अशी की एक बिट जरी वेगळा आला तरी ती फक्त सीआरसी जुळली नाही एवढंच सांगते. कुठला बिट, कुठली सूचना, काही नाही.

माझ्याकडे अडलेला गट होता तर्क आणि अंकगणिताच्या सूचनांचा. कारण निघालं अँड ही सूचना. ८०८५ या इंटेलच्याच पुढच्या चिपवर अँड केल्यावर अर्ध-कॅरी नेहमी १ होतो. ८०८० वर तसं नाही. तिथे दोन्ही आकड्यांच्या तिसऱ्या (शून्यापासून मोजलेल्या) बिटांचं ऑर केलेलं उत्तर त्या फ्लॅगमध्ये येतं. दोन्ही चिप इतक्या जवळच्या आहेत की त्यांची माहिती बऱ्याचदा एकत्रच दिलेली असते, आणि हा फरक नजरेतून निसटतो. ही एक ओळ बदलली आणि अख्खी चाचणी उत्तीर्ण. तुमच्यापैकी कुणी याच ठिकाणी अडकलं असेल तर आधी अँड तपासा.

आता खरा रसाळ भाग. सीपी/एमच्या प्रोग्रामला सिस्टिमकडून काही हवं असेल तर तो सी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेत) कामाचा क्रमांक ठेवतो, डीई मध्ये पत्ता किंवा नुसत्या ई मध्ये अक्षर ठेवतो आणि मेमरीतल्या ५ या पत्त्याला कॉल करतो. क्रमांक २ म्हणजे एक अक्षर छापा, ९ म्हणजे $ येईपर्यंत छापत राहा, १५ म्हणजे फाइल उघडा, २० म्हणजे पुढचे १२८ बाइट वाचा. एम्युलेटरने ही हाक मध्येच पकडायची. बरेच जण यासाठी ५ व्या पत्त्यावर तीन बाइट ठेवतात: डी३, ०१, सी९. म्हणजे पोर्ट १ वर आउट, मग रिटर्न. आउट दिसला की एम्युलेटर आपलं काम करतो. सुटसुटीत आहे, पण ६ आणि ७ या पत्त्यांना सीपी/एममध्ये स्वतःचा अर्थ आहे. वापरता येणारी मेमरी कुठे संपते हे प्रोग्राम तिथूनच वाचतात आणि आपला स्टॅक तिथे लावतात. वरच्या तीन बाइटांमुळे त्यांना तिथे सी९०१ हेक्स हा पत्ता दिसतो. तो योगायोगाने चालण्यासारखा आहे, म्हणून चाचणीचे प्रोग्राम सुरळीत पार पडतात. मात्र मोठ्या प्रोग्रामला जवळपास १४ किलोबाइट मेमरी विनाकारण कमी मिळते. मी ५ वर खऱ्या सीपी/एमसारखी जंप ठेवली, एफई०६ हेक्सकडे जाणारी, आणि आउट व रिटर्न तिथे वर नेले. शेवटचं ०६ सुद्धा मुद्दाम ठेवलं आहे. मूळ सिस्टिममध्ये सुरुवातीचे सहा बाइट अनुक्रमांकाचे असत, म्हणून प्रवेशाचा पत्ता नेहमी ०६ ने संपायचा.

फाइलींच्या बाबतीत सीपी/एमचा जीव एफसीबीत, म्हणजे फाइल कंट्रोल ब्लॉकमध्ये, आहे. ३६ बाइटांचा हा तुकडा प्रोग्रामच्याच मेमरीत राहतो: ड्राइव्ह, आठ अक्षरांचं नाव, तीन अक्षरांचा प्रकार, मग आपण फाइलीत कुठे आहोत त्याचे आकडे. एफसीबीचा पत्ता लक्षात ठेवायचा आणि त्याच्याशी लिनक्सची उघडी फाइल जोडायची, हा सरळ मार्ग वाटतो. पण प्रोग्राम एफसीबी बिनधास्त दुसरीकडे उतरवून घेतात आणि तिथून वाचन पुढे चालू ठेवतात. सीपी/एमला त्यात काहीच गैर वाटत नाही, कारण तिला लागणारं सगळं त्या ३६ बाइटांतच असतं. म्हणून पत्त्यावर विसंबणं मी सोडलं. प्रत्येक वाचनाच्या वेळी नाव बघून फाइल शोधायची आणि जागा एफसीबीतूनच काढायची: चालू रेकॉर्ड (१२८ बाइटांचा तुकडा), अधिक एक्स्टेंट (१२८ रेकॉर्डांचा गट) गुणिले १२८, अधिक एस२ (३२ एक्स्टेंटांमागे एकने वाढणारा आकडा) गुणिले ४०९६, आलेल्या आकड्याला १२८ ने गुणलं की बाइटांत जागा मिळते. अलीकडे वापरलेल्या फाइली उघड्या ठेवल्या की वेगही टिकतो. या बदलानंतर संदेशांची आणि ओव्हरलेची (गरजेपुरत्या मेमरीत आणायच्या भागांची) फाइल मागणारे प्रोग्राम एकदम शहाण्यासारखे वागू लागले. उत्तराच्या रजिस्टरकडेही लक्ष असू द्या. सीपी/एमची २.२ आवृत्ती ए मधलं उत्तर एल मध्येही देते, आणि काही प्रोग्राम फक्त एल वाचतात.

नावांची छोटी-मोठी अक्षरं, १२८ च्या पटीत भरणारी फाइल, मजकुराच्या शेवटी येणारा १ए हेक्स: ही सगळी कामं नेहमीचीच, झाली.

मायक्रोसॉफ्टचं एमबेसिक (बेसिक भाषेचा इंटरप्रिटर) ५ व्या पत्त्यावर समाधान मानत नाही. ते पत्ता १ वरून बायोसच्या (यंत्राशी थेट बोलणाऱ्या भागाच्या) जंपांची यादी कुठे आहे ते काढतं आणि कळफलक व पडदा यांच्यासाठी थेट तिथे जातं. म्हणून बायोसची यादीही ठेवावी लागली. प्रत्येक जागी तीन बाइटांची जंप, आणि ती पुन्हा माझ्या आउटकडे.

वर्डस्टारने मात्र टर्मिनलवर घाम काढला. त्या काळी प्रत्येक टर्मिनलची भाषा वेगळी असल्यामुळे वर्डस्टारला आधी इन्स्टॉल करून टर्मिनल सांगावं लागे. मी एडीएम-३ए निवडलं, कारण त्याचे संकेत थोडके आहेत. पाचव्या ओळीत दहाव्या स्तंभावर कर्सर न्यायचा तर प्रोग्राम एस्केप, मग =, मग $ आणि ) पाठवतो: शून्यापासून मोजलेल्या ओळीत आणि स्तंभात ३२ मिळवून तयार झालेली ही अक्षरं. लिनक्सच्या टर्मिनलला तेच एस्केप, [, ५, ;, १० आणि एच अशा रूपात हवं असतं. मध्ये चार अवस्थांचा एक छोटा भाषांतरकार बसवला. पडदा पुसण्याचा संकेत १ए हेक्स आहे, तोही त्यातच.

कळफलकाची बाजू जास्त चिवट निघाली. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-एस म्हणजे एक अक्षर डावीकडे. लिनक्सचं टर्मिनल त्याच कळीने छपाई थांबवतं. कंट्रोल-सी म्हणजे पुढचं पान. इथे प्रोग्रामच मरतो. कंट्रोल-व्ही ने इन्सर्ट बदलतो. इथे ती कळ पुढचं अक्षर जसंच्या तसं घेण्यासाठी राखलेली. टर्मिनल पूर्ण कच्च्या अवस्थेत नेल्याशिवाय सुटका नाही, आणि बाहेर पडताना, प्रोग्राम कसाही संपला तरी, ते पूर्ववत करणं तितकंच गरजेचं. ई, एस, डी, एक्स या चार कळींवर बोटं ठेवून पहिल्यांदा कर्सर चारही दिशांना फिरला तेव्हा फार आनंद झाला. ही रचना आजही हाताला अतिशय नैसर्गिक वाटते.

कळ आली का, हे वर्डस्टार सतत विचारत राहतो. पडदा रंगवतानाही विचारतो आणि तुम्ही टाइप करत असाल तर रंगवणं अर्धवट सोडून आधी तुमचं अक्षर घेतो. संथ यंत्रावर तो इतका चपळ का वाटायचा याचं उत्तर इथे आहे. आधुनिक यंत्रावर मात्र याच विचारणेमुळे एक कोअर पूर्ण वेळ जळत राहतो. आता सलग बऱ्याच विचारणा रिकाम्या गेल्या की एम्युलेटर एक मिलिसेकंद झोपतो. टायपिंगमध्ये फरक जाणवत नाही, पंखा गप्प.

देवनागरीचं काय, असं विचारणारे आपल्यात नक्की असतील. बायोसच्या नियमाप्रमाणे येणाऱ्या अक्षराचा आठवा बिट शून्य करायचा असतो. यूटीएफ-८ मधला क म्हणजे ई०, ए४, ९५ हे तीन बाइट. आठवा बिट गेला की उरतात ६०, २४, १५, म्हणजे `, $ आणि कंट्रोल-यू. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-यू म्हणजे चालू आज्ञा रद्द करणं! शिवाय वर्डस्टार तो बिट स्वतःच्या कामाला घेतो, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर खूण करायला. त्यामुळे सात बिटांबाहेरची अक्षरं मी आतच येऊ देत नाही, आणि वर्डस्टारची फाइल साध्या मजकुरात आणण्यासाठी तो बिट काढणारं छोटं साधन सोबत ठेवलं आहे.

पुढचं काम झेड८०. टर्बो पास्कलच्या सीपी/एम आवृत्तीला तोच लागतो. त्याच्या सूचना सीबी, डीडी, ईडी, एफडी या उपसर्गांनी सुरू होतात, आणि ८०८० वर त्याच जागी जंप आणि कॉलच्या नकला आहेत, त्यामुळे प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर उडी मारतो. पॅरिटीचा फ्लॅगही झेड८० वर अंकगणितानंतर ओव्हरफ्लो दाखवतो. म्हणून जुन्या स्विचमध्ये फाटे फोडण्याऐवजी झेड८० चा गाभा वेगळाच लिहायला घेतला आहे. सध्या सीबी गट पूर्ण आहे, डीडी आणि एफडी अर्ध्यावर. कुणी झेड८० च्या फ्लॅगांमधले तिसरा आणि पाचवा बिट हाताळले असतील तर ब्लॉक-कॉपीच्या सूचनांवर तुमची पद्धत कळवा; मी तिथेच आहे.