मुलाच्या इंग्रजीसाठी आलेले सरकारी पैसे नेमके जातात कुठे?

अमेरिकेत मुलाला सरकारी शाळेत घालताना ‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाचा एक कागद भरावा लागतो. घरी कोणती भाषा बोलता, मूल आधी कोणत्या भाषेत बोलायला लागलं, असे तीन-चार प्रश्न. मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील या धास्तीने बरेच मराठी पालक तिथे ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. मग इंग्रजीची चाचणी होत नाही (न्यू जर्सीत विडाची, कॅलिफोर्नियात एल्पॅक), मूल ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे अजून इंग्रजी शिकणारं मूल, म्हणून मोजलं जात नाही, आणि पैसे तर या मोजणीवरच येतात.

केंद्राचा निधी म्हणजे टायटल थ्री. २०२४ साली तो ८९ कोटी डॉलर होता. अशी मुलं साधारण पन्नास लाख, म्हणजे मुलामागे वर्षाला पावणेदोनशे डॉलर. अशी शंभर मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) यातून एका शिक्षकाचा अर्ध्या वर्षाचा पगारही सुटत नाही. ज्यांचा वाटा दहा हजार डॉलरच्या खाली जातो त्यांना स्वतंत्र ग्रँट मिळत नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर गट करून अर्ज करावा लागतो. रकमेपेक्षा कागदपत्रं जड, म्हणून काही जण हे पैसे सरळ नाकारतात. मला त्यात नवल वाटत नाही.

बहुतेक घोळ होतो तो खर्चाच्या नियमात. हा पैसा भर घालायला आहे, मूळ खर्च भागवायला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्स निकालानंतर इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शिकवण्याची सोय करणं शाळेचं कायदेशीर कर्तव्यच आहे. त्यामुळे रोजच्या ईएसएल तासाच्या (अशा मुलांच्या इंग्रजीच्या तासाच्या) शिक्षकाचा पगार, प्रवेशाच्या वेळची चाचणी, वार्षिक परीक्षा यातलं काहीही टायटल थ्रीमधून चालत नाही. उन्हाळी वर्ग, शाळा सुटल्यानंतरची शिकवणी, इतर विषयांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण, पालकांसाठी इंग्रजीचे वर्ग, हे चालतं. प्रशासनावर डिस्ट्रिक्टला फक्त दोन टक्के. एकाच शिक्षकाचा पगार दोन निधींतून निघत असेल, तर त्याच्या वेळेची नोंद ठेवावी लागते. ऑडिटमध्ये हमखास इथेच बोट ठेवलं जातं.

खरा पैसा राज्याचा आणि स्थानिक करांचा. कॅलिफोर्नियात २०१३ पासूनच्या शालेय निधीच्या सूत्रात अशा प्रत्येक मुलामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात. गरीब मुलांमागेही हीच जादा रक्कम मिळते, पण मूल दोन्हींत बसलं तरी मोजणी एकदाच. तिथे २१ किंवा अधिक इंग्लिश लर्नर असलेल्या शाळेत पालकांची ‘ईलॅक’ समिती नेमावीच लागते. तिच्या बैठकीत विचारायचा प्रश्न अगदी साधा: टायटल थ्रीमधून यंदा काय घेतलं, आणि तेच गेल्या वर्षी कोणत्या पैशातून होत होतं? गेल्या वर्षी राज्याच्या पैशातून चाललेला वर्ग यंदा केंद्राच्या खात्यावर दिसला, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचेल.

२०२५ च्या जुलैत केंद्राने हा निधी काही आठवडे अडवून ठेवला होता आणि महिनाअखेरीस सोडला. अशा वेळी टांगणीला लागतात ते उन्हाळी वर्गांसारखे जादा उपक्रम. रोजचा इंग्रजीचा तास बंद करायला शाळेला ही सबब चालत नाही.

राहिला वेगळ्या वर्गाचा प्रश्न. चाचणीत मूल इंग्लिश लर्नर ठरलं, तर वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत शाळेने तसं पत्र द्यायचं असतं. इंग्रजीच्या खास वर्गाची सोय नको असेल तर ती लेखी नाकारता येते. मूल मोजणीत राहतं आणि वार्षिक परीक्षा मात्र द्यावीच लागते. तेव्हा सर्व्हेत खरं लिहा, नको असेल ते नंतर नाकारा.