दुधाच्या हिशेबाशेजारी

“घरी रक्तदाब किती असतो?” असे डॉक्टरांनी आज विचारले आणि मी सवयीने बायकोकडे पाहिले. तिने पर्समधून कॅलेंडरची दोन पाने काढून टेबलावर ठेवली. दुधाच्या हिशेबाशेजारी, त्याच निळ्या पेनाने, माझे सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहिलेले होते.

दवाखान्यात माझा दाब १५२/९२ भरला होता, पण पानांवरचे जवळजवळ सगळे आकडे १३५/८५ च्या आत होते. डॉक्टरांनी ती पाने शांतपणे वाचली, गोळी वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आणि हसून तिला म्हणाले, “वहिनी, पेशंट नक्की कोण आहे?”

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. मोजताना मी फक्त हात पुढे करतो, तोही वर्तमानपत्रातून मान वर न काढता. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, पाच मिनिटे न बोलता पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा, हे सारे तिला पाठ आहे. माझ्या गोळ्या मी ‘पांढरी’ आणि ‘गुलाबी’ एवढ्याच ओळखतो. आमच्या कट्ट्यावरच्या बहुतेकांचे हेच आहे, आणि बँकेचे खाते क्रमांक मात्र सर्वांना तोंडपाठ!

आज संध्याकाळी आकडा मी स्वतः लिहायचे ठरवले आणि पेन शोधण्यात दहा मिनिटे घालवली. तो कॅलेंडरलाच दोऱ्याने बांधलेला असतो, हे मला ठाऊक नव्हते.